नैसर्गिक दिसणं डब्यातून येत नाही

स्तनांच्या इम्प्लांटची चौकशी करायला गेलेल्या बाईच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं : नैसर्गिक दिसायला हवं असेल तर टिअरड्रॉपच घ्या. क्लिनिकच्या जाहिरातीत तेच असतं, इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये तेच असतं, समुपदेशक म्हणून बसवलेली मुलगीही तेच सांगते. थेंबाच्या आकाराचं, म्हणजे वर निमुळतं आणि खाली भरलेलं इम्प्लांट हे खऱ्या स्तनासारखं. गोल इम्प्लांट म्हणजे छातीवर बसवलेले दोन चेंडू. ही विभागणी एकदा मनात बसली की पुढचा निर्णय आपोआप होतो. थोडे पैसे जास्त जातील, पण कुणाला कळणार नाही, एवढ्या आश्वासनावर बाई सही करते.

माझं म्हणणं असं, की हा दावा खोटा आहे. नैसर्गिक दिसणं इम्प्लांटच्या आकारावर फार थोडं अवलंबून असतं. ते ठरतं बाईच्या स्वतःच्या छातीवर. स्तनाच्या तळाची रुंदी किती, कातडी किती जाड आणि किती ताणली जाणारी, स्वतःचं ऊतक किती, स्तनाग्र कुठे आहे, यावर. आणि या मापांपुढे सर्जन स्वतःचा व बाईचा हट्ट बाजूला ठेवायला तयार आहे की नाही, यावर. हे न सांगता सगळं श्रेय डब्यातल्या वस्तूला देणं ही दिशाभूल आहे. या दिशाभुलीची किंमत काही बायकांनी फार जबर मोजली आहे, म्हणून तिचा समाचार सविस्तर घ्यायला हवा.

दावा पटतो याचं कारण उघड आहे. बाजूने पाहिलं तर स्तन वर उतरता आणि खाली भरलेला असतो, मग आत घालायची वस्तूही तशीच असावी, हे तर्काला धरून वाटतं. पण इम्प्लांट म्हणजे स्तन नव्हे. ते स्तनाच्या मागे बसतं. त्याच्यावर कातडी, चरबी, दूधग्रंथींचं ऊतक आणि बऱ्याचदा छातीचा स्नायूही असतो. बाहेर दिसतो तो या सगळ्यांचा मिळून झालेला आकार.

शिवाय इम्प्लांटमध्ये भरलेलं जेल हलतं. मऊ जेलचं गोल इम्प्लांट सर्जनच्या टेबलावर असेल तर मागून घ्या आणि हातात धरून पाहा. तळहातावर आडवं ठेवलं की ते सगळीकडून सारखं, वाटोळं आणि थोडं फुगीर दिसतं. तेच वरच्या कडेला चिमटीत धरून उभं करा. जेल खाली उतरतं, वरचा भाग पातळ होतो, खालचा भरतो. उभ्या बाईच्या शरीरात गोल इम्प्लांटचं कमीअधिक हेच होतं. भोवती तयार होणाऱ्या ऊतकाच्या पिशवीमुळे ही हालचाल थोडी बांधली जाते, पण दिशा तीच राहते. बाई पाठीवर झोपली की तेच जेल पसरतं, तिचा मूळचा स्तनही पसरतोच. थेंबाकृती इम्प्लांटमधलं जेल मात्र मुद्दाम घट्ट केलेलं असतं, कारण त्याला आकार सोडायचा नसतो. बाई उभी असो वा आडवी, ते आपला आकार धरून बसतं. ज्या गुणासाठी ते विकलं जातं, तोच गुण अंथरुणावर पाठ टेकल्यावर त्याला कृत्रिम ठरवतो.

हे कुणाचं निव्वळ मत राहिलेलं नाही. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन डेव्हिड हिडाल्गो यांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ७५ बायकांच्या शस्त्रक्रियेत त्यांनी एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकारमानाचं थेंबाकृती इम्प्लांट बसवलं, तिथेच फोटो काढले आणि मग थेंबाकृती काढून दोन्हीकडे गोलच कायम केलं. बाई तीच, छाती तीच, सर्जनचा हातही तोच, म्हणजे तुलनेत दुसरं काही मिसळायला जागाच नव्हती. ते फोटो प्लास्टिक सर्जनना आणि या क्षेत्राबाहेरच्या सामान्य माणसांना दाखवले गेले. थेंबाकृती बाजू अधिक चांगली दिसते, असं त्यातून काही सिद्ध झालं नाही. रोज हेच काम करणाऱ्या सर्जनना फोटोत जो फरक सरस म्हणून दाखवता येत नाही, त्या फरकासाठी बाईकडून जादा पैसे घेणं योग्य कसं म्हणायचं?

आता किमतीकडे येऊ. इथे मी पैशांबद्दल बोलत नाही.

गोल इम्प्लांट आत फिरलं तरी बिघडत नाही, कारण ते सगळीकडून सारखं असतं. थेंबाकृती फिरलं तर भरलेला भाग बाजूला किंवा वर येतो, स्तन वेडावाकडा होतो आणि पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावं लागतं. म्हणून त्याला जागेवर खिळवून ठेवण्याची सोय करावी लागते. ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या सर्जननी टिमी जीन लिंडसे या बाईला पहिलं सिलिकोनचं इम्प्लांट बसवलं. ते थेंबाच्याच आकाराचं होतं. ते हलू नये म्हणून त्याच्या पाठीला डेक्रॉन कापडाचे तुकडे लावले होते, शरीराचं ऊतक त्यात रुतावं म्हणून. लिंडसेबाई त्या रुग्णालयात छातीवरचं गोंदण काढून घ्यायला गेल्या होत्या. इम्प्लांटचं डॉक्टरांनीच विचारलं. त्यांना त्यापेक्षा आपले कान नीट करून हवे होते. मागणी बाईची नसताना प्रस्ताव समोरून येणं हेही तेव्हापासूनच चालत आलं आहे.

पुढे डेक्रॉनचे तुकडे गेले आणि इम्प्लांटचं बाहेरचं कवचच खरखरीत करण्याची पद्धत आली. खरखरीत कवचाचा उद्देश केवळ आकार धरून ठेवणं हा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. इम्प्लांटभोवतीची पिशवी आकसून स्तन दगडासारखा कडक होतो, त्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. तो टळावा म्हणूनही हे कवच आणलं गेलं आणि ते गोल इम्प्लांटलाही वापरलं गेलं. पण गोल इम्प्लांटला गुळगुळीत कवचाचा पर्याय नेहमीच होता. थेंबाकृतीला तो नव्हता. ज्या बाईला थेंबाचा आकार विकला, तिला खरखरीत कवच त्याच्यासोबत घ्यावंच लागलं. अनेकींना त्या कवचाबद्दल कुणी वेगळं काही सांगितलंही नाही.

त्या कवचाशी एक दुर्मीळ कॅन्सर जोडला गेला. तो स्तनाच्या ऊतकाचा कॅन्सर नव्हे. इम्प्लांटभोवतीच्या पिशवीत आणि तिथल्या द्रवात उद्भवणारा लिम्फोमा आहे. त्याची पहिली नोंद १९९७ची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०११ साली त्याबद्दल पहिल्यांदा सावध केलं, २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. जुलै २०१९मध्ये एफडीएने ॲलरगन कंपनीला तिची बायोसेल या खरखरीत कवचाची इम्प्लांट परत घ्यायला सांगितलं आणि कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. तोवर जगभरात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. त्या ५७३पैकी ४८१ जणींच्या शरीरात ॲलरगनची इम्प्लांट होती. फ्रान्सने त्याच वर्षी एप्रिलमध्ये अधिक खरखरीत कवचाच्या इम्प्लांटवर बंदी घातली होती.

ज्यांच्या शरीरात आधीच अशी इम्प्लांट आहेत त्यांनी हे वाचून घाबरून जाऊ नये. धोका लहान आहे, आणि काही लक्षणं नसतील तर ती काढून टाकण्याचा सल्ला एफडीएनेही दिला नाही. शस्त्रक्रियेला वर्षं उलटून गेल्यावर एक बाजू अचानक सुजली, गाठ लागली, दुखू लागलं, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. हा कॅन्सर लवकर सापडला तर इम्प्लांट आणि भोवतीची पिशवी पूर्ण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. माझा राग त्या लहान धोक्यावर नाही. बाजूने काढलेल्या एका फोटोसाठी तो धोका बाईच्या नकळत तिच्या गळ्यात घातला गेला, यावर आहे.

मग नैसर्गिक दिसतं ते कशाने? ब्लाउज शिवायला टाकतानाही शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. इथे तर कापड म्हणजे स्वतःची कातडी. चांगला सर्जन बाईला उभं करतो, हात सैल सोडायला सांगतो आणि स्तनाच्या तळाची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजतो. त्या रुंदीपेक्षा रुंद इम्प्लांट घातलं तर ते काखेकडे फुगतं किंवा मधली दरी बुजवतं, आणि इथेच कृत्रिमपणाची सुरुवात होते. मग तो स्तनाग्राजवळची कातडी हलकेच पुढे ओढून ती किती येते ते बघतो. स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर कातडी ताणून मोजतो. शेवटी स्तनाच्या वरच्या भागातली कातडी आणि चरबी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी घेतो.

ही शेवटची चिमटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डलासचे सर्जन जॉन टेबेट्स यांनी आयुष्यभर हेच लावून धरलं, की इम्प्लांटची निवड बाईच्या ऊतकावरून करा, तिने आणलेल्या फोटोवरून नको. विल्यम ॲडम्स यांच्यासोबत २००५ साली त्यांनी पाच मापं आणि पाच निर्णयांची पद्धत मांडली. वरच्या भागातली चिमटी २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर इम्प्लांट स्नायूखाली झाकावं, हा त्यांचा दंडक होता. कारण सोपं आहे. वर पातळ कातडीच असेल तर इम्प्लांटची कड दिसते, सुरकुत्या उमटतात, गळ्याखाली एक पायरी तयार होते, आणि त्या पायरीला थेंबाचा आकार पूर्ण झाकू शकत नाही. उलट चिमटी जाड भरली तर गोल इम्प्लांटही ऊतकात मिसळून जातं. स्नायूखाली ठेवण्यालाही किंमत आहे. छातीचा स्नायू आवळला की स्तन हलतो, वर चढतो. व्यायाम करणाऱ्या किंवा रोज वजन उचलणाऱ्या बाईने हे आधीच विचारून घेतलेलं बरं.

आकारमानाबद्दल तर क्लिनिकमध्ये जे बोलणं चालतं ते ऐकवत नाही. मैत्रिणीने ३२५ सी.सी. घेतलं, मला ३५० द्या. अमुक नटीसारखं हवं. सी.सी.चा आकडा हा फक्त इम्प्लांटचा आहे. तेच ३०० सी.सी. रुंद छातीच्या बाईवर लक्षातही येणार नाही आणि अरुंद छातीच्या बाईवर सगळ्यात आधी डोळ्यांत भरेल. कपचंही तसंच, प्रत्येक ब्रँडची ब्रा वेगळी, त्यामुळे 'डी कप करून देतो' या आश्वासनाला मापाचा आधार नसतो. शिवाय सिलिकोनला वजन असतं. ३५० सी.सी.चं एक इम्प्लांट म्हणजे जवळपास साडेतीनशे ग्रॅम, दोन्ही मिळून पाऊण किलोच्या घरात. हा भार खालच्या कातडीवर चोवीस तास पडतो. पहिल्या वर्षी छान दिसलेलं पुढे खाली सरकतं, कातडी पातळ होते, कड हाताला लागते. आकारमानात थोडं मागे राहणं हा नैसर्गिक दिसण्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. तो सांगणारा सर्जन बाईला कंजूष वाटतो, पण तो तिच्या पन्नाशीचा विचार करत असतो.

बाळंतपणं आणि अंगावर पाजणं होऊन गेलेल्या बायकांची एक वेगळी फसवणूक होते. स्तन उतरलेले असतात, स्तनाग्र खालच्या घडीच्याही खाली गेलेलं असतं, आणि तिला सांगितलं जातं की मोठं इम्प्लांट घातलं की सगळं वर येईल. येत नाही. अशा वेळी जादा कातडी काढून स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया लागते आणि तिचे व्रण राहतात. आपल्याकडे सावळ्या कातडीवर व्रण जाड होण्याची प्रवृत्ती जास्त, त्यामुळे बाई व्रणांना बिचकते आणि डॉक्टर तिच्या बिचकण्याचा फायदा घेऊन मोठ्या इम्प्लांटवर भागवतो. नुसत्या इम्प्लांटने ते स्तन जड होतात, आणि दोन-चार वर्षांत आणखी खाली येतात.

लंडनचे पॅट्रिक मलुची आणि त्यांचे सहकारी यांनी सुंदर स्तनाचं एक प्रमाण काढलं : स्तनाग्राच्या वर ४५ टक्के, खाली ५५ टक्के. आज सर्जनच्या सादरीकरणात हे प्रमाण नियमासारखं वापरलं जातं. २०१२ सालचा त्यांचा अभ्यास १०० टॉपलेस मॉडेलांच्या फोटोंवर होता. पुढे हजारावर लोकांना चित्रं दाखवून त्यांनी त्याची पुष्टीही मिळवली. वर फुगवटा नको, हे त्यातलं सूत्र उपयोगाचं आहे आणि ते मला मान्य आहे. पण शंभर तरुण मॉडेलांवरून काढलेलं माप दोन मुलं झालेल्या चाळिशीतल्या बाईला नैसर्गिक म्हणून लावणं मला मान्य नाही. तिचं नैसर्गिक तिच्या वयाचं, तिच्या खांद्यांचं आणि तिच्या पोटाचं असतं. दोन्ही स्तन मुळातच थोडे वेगळे असतात, शस्त्रक्रियेनंतरही थोडे वेगळेच राहतात, आणि तसंच असू द्यावं.

थेंबाकृती इम्प्लांटला अजिबात जागा नाही असं मात्र मी म्हणणार नाही. कॅन्सरमुळे स्तन काढून टाकलेल्या बाईच्या छातीवर झाकायला ऊतकच उरलेलं नसतं. तिथे इम्प्लांटचा आकार बराचसा थेट बाहेर दिसतो, आणि घट्ट जेलचा निमुळता आकार कामाला येऊ शकतो. पण तिथेही रेडिएशन झालं असेल तर इम्प्लांटभोवतीची पिशवी कडक होण्याचा धोका वाढतो आणि पोटाच्या चरबी-कातडीचा पर्याय अधिक टिकाऊ ठरू शकतो. बदलापूर किंवा बार्शीहून उपचाराला आलेल्या बाईला ही निवड कुणी सावकाश बसून समजावून सांगावी, याचीच वानवा असते.

दुसऱ्या बाजूनेही एक आवाज येतो, तोही खोडून काढायला हवा. नैसर्गिक हवं तर चाकूखाली जावंच कशाला, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०१८मध्ये तामिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅनली वैद्यकीय महाविद्यालयात स्तनांची शस्त्रक्रिया गरीब बायकांना मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हाही हीच टीका झाली. मला ती टीका निर्दयी वाटते. जन्मापासून एक स्तन वाढलाच नाही अशी मुलगी असते, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आरशासमोर न उभी राहणारी बाई असते, आपलं शरीर आपल्या ओळखीशी जुळावं म्हणून धडपडणारी ट्रान्स स्त्री असते, आणि कोणतंही कारण न देता स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घेणारी प्रौढ बाईही असते. त्यांना उपदेश नको आहे. त्यांना खरी माहिती हवी आहे, आणि उपदेश करणारे त्यांना गप्प बसवतात तेव्हा त्या थेट जाहिरातीच्या हाती सापडतात.

त्या जाहिरातीत न छापलेली एक गोष्ट एफडीएने ऑक्टोबर २०२१पासून अमेरिकेत इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापणं बंधनकारक केली आहे : इम्प्लांट आयुष्यभराची वस्तू नाही. जितकी वर्षं ते शरीरात राहील तितकी पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता वाढत जाते. सिलिकोनचं इम्प्लांट आतल्या आत फुटलं तर बाहेरून कळतही नाही, म्हणून काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावं असं तीच संस्था सांगते. तिशीत घेतलेला निर्णय हा पन्नाशीतल्या किमान एका ऑपरेशनचा अंदाजही असतो. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आपल्या आरोग्य विम्यात सहसा बसत नाही, म्हणजे तोही खर्च स्वतःच्याच खिशातून.

तेव्हा वाचक बायांना माझी विनंती आहे. डॉक्टरने माप न घेता इम्प्लांटचा आकार सुचवला तर उठून या. ते गोल का किंवा थेंबाकृती का, कवच गुळगुळीत का खरखरीत, स्नायूखाली का वर, याचं उत्तर तुमच्या सेंटिमीटरांत मागा. तुम्ही मागितलेला आकडा तुमच्या छातीला झेपणार नाही असं जो सर्जन तोंडावर सांगेल, त्याच्याकडे पुन्हा जा. आणि शस्त्रक्रिया झालीच तर घरी येण्याआधी कंपनी, मॉडेल, आकारमान आणि दोन्ही बाजूंचे सीरियल नंबर असलेलं इम्प्लांट कार्ड हातात घ्या, त्याचा फोटो घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडे देऊन ठेवा. उद्या एखादं इम्प्लांट परत मागवलं गेलं, तर ते तुमच्या शरीरात आहे की नाही हे त्या कार्डावरूनच कळेल.